चार काट्यांवरची लाल गाडी

१ मार्च १९९२, रविवार

बियाण्यांच्या दुकानातून आलेली ही डायरी दोन महिने कपाटात पडून होती. प्रत्येक पानाखाली कपाशीच्या कुठल्या ना कुठल्या वाणाची जाहिरात आहे. भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडून रोज एक पान इंग्रजीत लिहून घ्यायच्या, आणि खोटं लिहिलेलं त्यांना लगेच कळायचं. आता छप्पन्नाव्या वर्षी तपासणारं कोणी नाही, तेव्हा मराठीत लिहीन आणि खरं लिहीन.

लिहायला घेतलं ते कुंदामुळे. आमची एकुलती एक लेक, अठ्ठावीस वर्षांची, इंजिनीअर. पुण्याच्या कारखान्यातून सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेऊन नोव्हेंबरात घरी आली. तिथे तिने गाडीच्या स्प्रिंगांची नवी रचना कागदावर काढली होती. साहेबांनी कागद ठेवून घेतला आणि चाचणीच्या रस्त्यावर बाईमाणसाला नेत नाही म्हणून सांगितलं. पंधरा मेला तिने परत हजर व्हायचं आहे. तोवर तिची वस्तू खरी ठरली तर ती इथेच स्वतःचं वर्कशॉप काढणार. नाही ठरली तर पुन्हा पुणे, पुन्हा टेबल.

ती राहावी असं मला फार वाटतं. हे तिला सांगत नाही.

८ मार्च, रविवार

वस्तू बसवायची आहे आमच्याच लाल गाडीला. दोन माणसांची, कापडी टपाची विलायती गाडी. भुसावळच्या एका गोऱ्या रेल्वे साहेबाची होती. आम्ही मुली रांगेने चर्चला निघायचो तेव्हा ती फाटकासमोरून जायची, आणि रांग हमखास वाकडी व्हायची. साहेब मायदेशी गेला तेव्हा ती ह्यांनी घेतली, आणि पुढच्याच वर्षी माझ्याशी लग्न केलं. मी अजून म्हणते की माझं स्थळ त्या गाडीने आणलं. गेली बारा वर्षं ती डाळमिलच्या मागच्या शेडमध्ये पोत्यांखाली होती.

आज कुंदाबरोबर अजिंठा रोडला सुपडू मिस्त्रीच्या लेथवर गेले. मिस्त्री साठीचे, मूळचे धुळ्याकडचे, हात काळे आणि बोलणं तिखट. तिथे तिने मला ती वस्तू समजावून दिली. एरवी गाडीचा शॉकअप, म्हणजे धक्के शोषणारी नळी, वेगळा असतो आणि स्प्रिंग वेगळी. हिने स्प्रिंग शॉकअपच्याच अंगावर चढवली आहे, आणि शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडून त्यावर एक चकती बसवली आहे. पान्याने चकती वर फिरवली की गाडी उचलते, खाली फिरवली की बसते. परदेशी मासिकात ह्याला कॉइलओव्हर म्हणतात. "रस्त्यावर खड्डे असतात तेव्हा उंच गाडी हवी, शर्यतीच्या पट्टीवर जमिनीला चिकटलेली हवी," कुंदा म्हणाली. "तीच गाडी, तेच शॉकअप, फक्त पाना फिरवायचा."

मिस्त्रींनी मला विचारलं की माणसाच्या कमरेला अशी चकती बसवता येईल का, त्यांना दोन हव्यात.

२२ मार्च, रविवार

चारही शॉकअप बसवून झाले. कुंदाने मला शेजारी घेऊन मेहरूणच्या तळ्याला चक्कर मारली. गाडी इतकी कडक, की एका खड्ड्यात माझा चष्मा नाकावरून उडाला. तिने माझ्या तोंडाकडे पाहून वहीत लिहून घेतलं. परत येताना तळ्यावरचं वारं लागलं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ह्याच सीटवर बसून मी केस मोकळे सोडले होते आणि सासूबाईंनी आठवडाभर अबोला धरला होता.

२८ मार्च, शनिवार

पुण्याहून भाईदास पवारांचं पत्र आलं. मूळचे शिरपूरचे. रॅलीच्या गाड्या तयार करून देतात. कुंदा त्यांना कारखान्यात असताना भेटली होती. दहा मेला धुळ्याजवळच्या विमानाच्या धावपट्टीवर एका मोटार क्लबच्या चाचण्या आहेत. पिंपं मांडून वळणं करणार, एकेका गाडीने घड्याळ लावून पळायचं. त्यांची अट अशी की कुंदाची गाडी जळगावहून रस्त्याने स्वतःच्या चाकांवर यायला हवी, पट्टीवर पळायला हवी, आणि तशीच परत जायला हवी. मधे फक्त चकती फिरवायची, बाकी कशाला हात लावायचा नाही. जमलं तर ते तिच्याकडून बारा गाड्यांचे संच बनवून घेतील.

ह्यांनी पत्र दोनदा वाचलं. "बारा," एवढंच म्हणाले, आणि पत्र स्वतःच्याच खिशात ठेवलं. कुंदाला मागून घ्यावं लागलं.

४ एप्रिल, शनिवार. गुढीपाडवा

सकाळी गुढी, दुपारी मी आणि कुंदा मिलमध्ये. आज मिल बंद, म्हणून कुंदाने आजचाच दिवस धरला होता. गाडीच्या चारही चाकांवर वजन बरोबर वाटलेलं हवं, नाहीतर ती एकीकडे ओढते. त्यासाठी चार चाकांखाली चार काटे. मोठ्या कारखान्यात त्यासाठी यंत्रं असतात म्हणे. आमच्याकडे डाळमिलचे काटे आहेत. तीन गोदामातले, आणि एक फाटकाजवळचा, ज्यावर शेतकऱ्यांची तूर मोजून घेतात.

हे सकाळीच एका लग्नाला भुसावळला गेले होते. हमालांनी काटे शेडमध्ये आणले. कुंदाने पाणसळ लावून, खाली पत्र्याचे तुकडे सारून चारही एका पातळीत आणले. मिस्त्रींनी खडूने जमिनीवर खुणा करून नंबर टाकले, म्हणजे पुन्हा मोजताना प्रत्येक काटा आपल्याच जागी. फाटकाचा काटा उजव्या पुढच्या चाकाखाली आला. तो मांडताना मिस्त्री म्हणाले, "ताई, हाऊ काटा ऱ्हाऊ द्या. दुसरा देखूत." कुंदाने विचारलं, का, मोडका आहे का? मिस्त्री म्हणाले मोडका नाही, आणि विडी ओढायला बाहेर गेले.

चालवणाऱ्याचं वजनही गाडीत हवं. म्हणून कुंदा आधी फाटकाच्या काट्यावर उभी राहिली. बावन्न भरली. नोव्हेंबरात कारखान्याच्या दवाखान्यात चोपन्न होती. चार महिने माझ्या हातचं खाऊन दोन किलो उतरली, हे मला फार लागलं. उद्यापासून तूप वाढवते. मीही उभी राहिले. जानेवारीत डॉक्टरांकडे सत्तर होते, आज सदुसष्ट. संध्याकाळचं फिरणं अंगी लागलं म्हणायचं. मग सीटवर बावन्न किलो तुरीचं पोतं बसवलं, हमालांनी त्याला टोपी घातली, आणि कुंदा तीन तास चार चकत्या फिरवत राहिली.

हे पाच वाजता आले. शेडच्या दारातच थांबले. उन्हातून आल्यामुळे असेल, चेहरा एकदम उतरला. कुंदा आनंदाने म्हणाली, "नाना, डावं-उजवं अर्ध्या किलोपर्यंत जुळवलं." हे म्हणाले, छान, आणि तसेच घरी गेले. मी कैरीचं पन्हं करून दिलं, ते तसंच राहिलं.

६ एप्रिल, सोमवार

आज ह्यांनी जेवताना आपणहून सांगितलं की रेल्वेच्या मालधक्क्यावरून चार एकसारखे काटे मागवू. ह्यांच्या तोंडून एवढी हौस मी कित्येक वर्षांत ऐकली नाही. कुंदा म्हणाली, आपले चार आहेत की घरचे, दुसऱ्याचे कशाला? थोड्या वेळाने हे म्हणाले, मग निदान त्यांच्या जागा बदलून बघ. तिने हसून सांगितलं की पातळी जुळवायला अर्धा दिवस लागला आहे, आता हलवायचे नाहीत. ह्यांना यंत्रातलं कळत नाही, पण लेकीच्या कामात रस घेतात हे बघून बरं वाटलं.

१२ एप्रिल, रविवार

गाडी ओढते.

पाळधीपर्यंत नेली होती. सरळ चालते, वळते तर इतकी सुंदर की मी दोन्ही हात मोकळे सोडून बसले. खड्ड्यांतही आता चष्मा जागेवर राहतो. पण जोरात ब्रेक दाबला की नाक उजवीकडे जातं. कुंदाने दहा वेळा दाबला, दहाही वेळा उजवीकडे. ती म्हणाली, ब्रेकचा दोष असेल.

१७ एप्रिल, शुक्रवार. गुड फ्रायडे

ह्या दिवशी सिस्टर आम्हांला दुपारभर गप्प बसवायच्या. आज आमचं घर आपोआप गप्प होतं. ब्रेक नवे केले, तरी गाडी ओढते. उजवी स्प्रिंग नवीन वळवून आणली, तरी ओढते. पुन्हा काट्यांवर चढवली, खडूच्या खुणांवर, आणि वजन पुन्हा तंतोतंत जुळलं. "म्हणजे रचनाच चुकली," ती म्हणाली. तिने स्वतःकडच्या गणिताचे कागद पहिल्यापासून तपासायला घेतले आहेत.

घरकामाची भिकुबाई आज फरशी पुसताना म्हणाली, "अक्का, तुमना काटावर चढाई ना, गाडीबी हलकी व्हई जाई." तिचा नवरा दरवर्षी आमच्याच मिलला तूर घालतो. काट्यावर चढून गाडी हलकी कशी होईल, मी तिला समजावून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून हसत राहिली. ह्या लोकांना यंत्रांची गंमत वाटते.

२९ एप्रिल, बुधवार

बरेच दिवस लिहिलं नाही. त्रेचाळीस अंश. कुंदा रोज सकाळी गाडी काढते, रोज परत येऊन गाडीखाली शिरते. तूप वाढवूनही गालफडं बसली आहेत. हे दुपारी जेवायला घरी येतात, तिच्या समोर बसतात, आणि पोळी चिवडून उठतात. रक्तदाब वाढला असेल म्हणून डॉक्टरांकडे नेलं. तसा ठीक आहे म्हणाले. काही काळजी आहे का, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, नाही. मी म्हटलं, लेकीची आहे.

५ मे, मंगळवार. आखाजी

आज अक्षय तृतीया, घरोघरी लेकी आल्या आहेत. समोरच्या कडुनिंबाला झोका बांधला आहे आणि गाण्यांवर गाणी चालली आहेत. माझी लेक घरात असून माहेरी आल्यासारखी वाटत नाही. सकाळी तिने कारखान्याला पत्र लिहिलं, पंधराला हजर होते म्हणून. धुळ्याला जाणार नाही म्हणाली. ब्रेक दाबल्यावर नाक फिरवणारी गाडी ती भाईदासांसमोर नेणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या गाडीला तर मुळीच लावणार नाही. पत्र टपालात टाकायला तिने माझ्याकडेच दिलं. मी ते ह्या डायरीत ठेवलं आहे. आजची टपालाची वेळ टळली हे एक बरं.

पितरांच्या घागरीची पूजा हेच करतात. दरवर्षी पाच मिनिटांत आटोपतात. घागरीवर सांजोरी ठेवली, आंबा ठेवला, वडिलांचं नाव घेतलं आणि पाण्याचा हात तसाच राहिला. पाणी मनगटावरून खाली गळत होतं. मी दोनदा हाक मारली. मग म्हणाले, "आबांनी मिल काढली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. काट्याजवळ मीच उभा असायचो." मला वाटलं, सणाच्या दिवशी वडिलांची आठवण दाटली. मी पुन्हा म्हटलं, पाणी सोडा. त्यांनी सोडलं.

नंतर मी त्यांना सांगितलं की कुंदाने पत्र लिहिलं आहे, तुम्ही तरी तिला थांबवा, तुमचं ती ऐकते. ते म्हणाले, उद्या डबा घेऊन मिलमध्ये ये.

६ मे, बुधवार

जसं झालं तसं लिहिते.

डबा घेऊन गेले तर शेडमध्ये कुंदा चाकं काढून सामान आवरत होती, मिस्त्री तिच्या मदतीला. हे आत आले. दोन हातांत दोन वजनं होती. काट्याच्या दांडीला टोकाशी लोखंडी वजन लटकवतात ती. त्यांनी कुंदाच्या हातात आधी एक दिलं, मग दुसरं.

"हे गोदामातल्या काट्याचं. हे फाटकाच्या."

कुंदाने दोन्ही तळहातांवर तोलली. "हे जड आहे."

"आत शिसं आहे," हे म्हणाले. "शंभराला चार. तो काटा शंभराचे शहाण्णव दाखवतो."

मला आधी काही कळलंच नाही. कुंदाला मात्र लगेच कळलं. उजव्या चाकाखालचा काटा कमी वजन दाखवत होता, आणि महिनाभर ती ते भरून काढायला त्याच बाजूची चकती कसत होती. गाडीचा भार ती आपल्याच हाताने उजवीकडे ढकलत होती. रचना बरोबर होती. सगळं बरोबर होतं.

तिने मिस्त्रींना विचारलं, "सुपडूभाऊ, तुम्हांला माहीत होतं?"

मिस्त्री छपराकडे बघत म्हणाले, "ताई, बठ्ठा जळगावले माहीत शे."

कुंदा पोत्यावर बसली. "नाना, महिनाभर मी माझ्या गणितात चूक शोधतेय."

"हो."

"रोज जेवताना समोर बसत होतात."

"हो," हे म्हणाले. "आबांनी ओतलेलं शिसं. मी काढलं नाही. खरेदीच्या वजनातून थोडा कडता कापतातच, सगळेच कापतात, असं मी स्वतःला सांगत आलो. पाडव्यापर्यंत पटतही होतं."

कुंदा उठली आणि मिस्त्रींना म्हणाली की चाकं परत चढवा. गोदामातला एकच काटा घेऊ, बाकी तीन चाकांखाली त्याच उंचीच्या फळ्या लावू, आणि तो एकच काटा चारही चाकांखाली फिरवू. ह्यांनी फळी उचलायला हात पुढे केला. तिने ती मिस्त्रींकडे दिली.

घरी येऊन मी आधी भिकुबाईकडे पाहू शकले नाही. मग तिला चहा दिला आणि विचारलं की तुम्हांला माहीत होतं तर बोलला का नाहीत. ती म्हणाली, "बोलीसन काय करतूत, अक्का? दुसरा काटा कोठे शे?" ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे मी बारीक झालेच नव्हते. ह्या घरात चौतीस वर्षं राहून मला जे दिसलं नाही ते माझ्या घरी भांडी घासणारीला दिसत होतं. सिस्टरांनी हे पान तपासलं असतं तर खाली काय शेरा दिला असता कोण जाणे.

७ मे, गुरुवार

ओढत नाही. कुंदाने हायवेवर हात सोडून ब्रेक दाबून दाखवला. गाडी ओळंब्यासारखी सरळ उभी राहिली. मिस्त्रींनी रस्त्यात फटफटी थांबवून टोपी काढली.

कुंदा आनंदली, पण घरात ह्यांच्याशी कामापुरतंच बोलते. मीठ द्या, दार लावा. तिचं कारखान्याचं पत्र मी परत दिलं. तिने फाडलं नाही, पर्समध्ये ठेवलं. मला आता दुसरीच भीती वाटते. तिची वस्तू खरी ठरली तरी ती ह्या घरात राहील कशी?

९ मे, शनिवार. धुळे

नणंद यशोदाबाईंकडे उतरलो आहोत. मी आणि कुंदा लाल गाडीत, हे आणि मिस्त्री मिलच्या टेम्पोत मागे. एरंडोलजवळ बैलगाड्यांच्या चाकोरीतून जावं लागलं तेव्हा उंच केलेली गाडी एकदाही खाली टेकली नाही. पारोळ्याला चहाला थांबलो तर पोरीबाळी गाडीभोवती जमल्या. एका म्हातारीने कुंदाला विचारलं, ही तुझी का? ती म्हणाली, आईची. मला इतकं भरून आलं की चहा सांडला.

यशोदाबाईंनी गाडी बघून विचारलं की दोनच सीटा, मग जावयाला कुठे बसवणार? कुंदा म्हणाली, टेम्पोत.

१० मे, रविवार

ऊन चढायच्या आत सगळं उरकायचं म्हणून सहालाच पट्टीवर हजर. सपाट माळ, मधोमध लांबच लांब डांबर, त्यावर रंगवलेली पिंपं. अकरा गाड्या होत्या. कुंदा सोडून सगळे पुरुष. भाईदास पवार ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे. ते नमस्कार करून थेट गाडीखाली आडवे झाले. मग कुंदाने पाना घेतला आणि चार चकत्या मोजून सारख्या आट्यांनी खाली उतरवल्या. दहा मिनिटांत गाडी जमिनीला चिकटली. एक तरुण म्हणाला, बसली का हो गाडी? मिस्त्री म्हणाले, "बसनी नही भाऊ. दबा धरी बठनी."

कुंदा पाच फेऱ्या पळाली. मी डोळे मिटणार होते, मिटले नाहीत. वळणावर बाकीच्या गाड्या कलत होत्या, आमची जणू रुळावरून जात होती. शेवटी पिंपांच्या रांगेपाशी पूर्ण वेगात ब्रेक मारायचा होता. तिने मारला. धुराचा वास आला, आणि पिंपांपासून दोन हातांवर गाडी थांबली, नाक समोर. तेव्हा कळलं की ह्यांनी माझा दंड धरला होता. आत्ताही दुखतो आहे.

पहिला नंबर आला नाही, पाचवा आला. इंजिन म्हातारं आहे. पण भाईदासांना नंबराशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी स्वतः तीन फेऱ्या मारल्या, मग चकत्या वर घ्यायला लावल्या, आणि परतीच्या वाटेवर पारोळ्यापर्यंत माझ्या सीटवर बसून आले. मी टेम्पोत. पारोळ्याला उतरून कुंदाला म्हणाले, बारा संच, दिवाळीपर्यंत. आणि पुढे म्हणाले की पुण्यात त्यांच्याकडे रिकामी शेड आहे, लेथ आहे, तिने तिथे यावं, जळगावात एकटी काय करणार?

कुंदा म्हणाली, "दोन दिवसांत कळवते."

टेम्पोत माझ्याशेजारी बसलेले हे ते ऐकत होते. समोरच्या काचेवरची धूळ रुमालाने पुसत राहिले. ती धूळ बाहेरून होती.

१२ मे, मंगळवार

काल कुंदाने तिची ट्रंक काढली आणि पलंगावर उघडी ठेवली. मी कपड्यांच्या घड्या करून दिल्या. थांब म्हणायचा मला कुठला हक्क?

काल ह्यांनीही एक काम केलं. ते वजन घेऊन स्वतः मिस्त्रींच्या लेथवर गेले, शिसं काढून घेतलं, आणि गोदामातल्या वजनाशी ताडून पाहिलं. घरी येऊन कोणाला काही सांगितलं नाही. मला मिस्त्रींकडून कळलं.

आज सकाळी भाईदासांना फोन लावायला कुंदा मिलच्या ऑफिसात गेली. घरचा फोन चार दिवस बंद आहे. मीही गेले. ट्रंक बंद होईपर्यंतचा प्रत्येक तास मला तिच्याजवळ हवा होता. फाटकावर चोपड्याचा चुडामण आला होता. तुरीची राखून ठेवलेली सहा पोती आखाजीनंतर विकायला आणली होती. हा माणूस वीस वर्षं आमच्याकडे माल घालतो. हे काट्याजवळ उभे होते. एरवी हमाल मोजतात, आज हेच मोजत होते. पहिलं पोतं चढलं. ह्यांनी आकडा सांगितला, साठ.

चुडामण काट्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "नाना, तुमना काटा बिघडी ग्या. मी घर मोजेल तेवढंच दखाडी ऱ्हायना."

हमाल हसायला लागले. एकाला ठसका लागला. हे हसले नाहीत. मला वाटलं, आता विषय बदलतील.

"बिघडलेला होता, चुडामण," हे सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझ्या बापापासून बिघडलेला होता. मला माहीत होतं. काल नीट केला. दुसरं पोतं चढव."

कोणी हसलं नाही. चुडामणने टोपी काढून डोकं खाजवलं, ती परत घातली, आणि दुसरं पोतं चढवलं. साठ. तिसरं, एकोणसाठ. त्यावर तो म्हणाला की एवढ्यावर भागणार नाही, वीस वर्षांचं काय? ह्यांनी त्याला ऑफिसात बसायला सांगितलं. आतून तासभर त्या दोघांचे आवाज येत होते, त्याचा मोठा आणि ह्यांचा बारीक. काय ठरलं ते अजून मला सांगितलेलं नाही. एवढं कळतं की असे चुडामण पुष्कळ येणार, आणि पुढचे उन्हाळे आम्हांला जड जाणार.

कुंदा फोनजवळ उभी होती. रिसीव्हर हातात होता, नंबर फिरवला नव्हता. काही वेळाने तिने तो खाली ठेवला आणि मागच्या शेडकडे गेली. मी तिच्या मागे गेले नाही.

रात्रीच्या जेवणात आमरस होता. अर्धी पोळी झाल्यावर कुंदा ताटाकडे बघतच म्हणाली, "नाना, मागच्या शेडची जमीन दाराकडे उतरती आहे."

हे म्हणाले, "पाणी जावं म्हणून आबांनी तशी ठेवली होती."

"मला सपाट लागेल. बारा संच बसवून बघायचे तर दर वेळी पत्रे सारत बसणार नाही."

ह्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "उद्या गवंडी बोलावतो."

"उद्या नको, गुरुवारी. उद्या मी दिवसभर लेथवर आहे. आणि गवंडी आला की पातळी मी बघणार, तुम्ही नाही."

"बरं," हे म्हणाले, आणि वाटी पुढे करून माझ्याकडे अजून रस मागितला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा काही मागितलं. मी वाटी काठापर्यंत भरली.

ट्रंक तिने अजून पलंगावरून उचललेली नाही. उद्या ती लेथवर गेली की मी कपडे काढून कपाटात लावीन.